बायोवेअर, ईए आणि मार्चएंड: आवडता स्टुडिओ मोठ्या पब्लिशरकडे गेला की नेमकं बिनसतं कुठे?

रात्रपाळी

मंडळी, 'पब्लिशर (गेमला पैसा पुरवून तो बाजारात आणणाऱ्या कंपन्या) लोभी असतात' एवढ्या उत्तरावर माझं समाधान होत नाही, म्हणून हा धागा.

बायोवेअर या कॅनडातल्या गेम स्टुडिओचं उदाहरण घेऊ. 1998 मध्ये 'बाल्डर्स गेट', 2003 मध्ये 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक', 2007 मध्ये 'मास इफेक्ट', 2009 मध्ये 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'. दहाबारा वर्षांत एकाच घरातून इतकं काम बाहेर पडलं. 2007 मध्ये ईएने (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, अमेरिकेतला मोठा पब्लिशर) हा स्टुडिओ घ्यायचा करार केला आणि 2025 च्या सुरुवातीला तिथे शंभरापेक्षा कमी माणसं उरली. ईएचा जुना हिशेबही असाच आहे. ओरिजिन हा स्टुडिओ 1992 मध्ये घेतला, 2004 मध्ये बंद. बुलफ्रॉग 1995 मध्ये घेतला, 2001 मध्ये बंद. वेस्टवूड 1998 मध्ये घेतला, 2003 मध्ये बंद. पँडेमिक बायोवेअरबरोबरच आला आणि नोव्हेंबर 2009 मध्ये संपला.

माझे प्रश्न असे. पैसा कुठून कुठे जातो? गेम ज्या पायरीवर बिघडतो ती पायरी कोणती, आणि तिथे निर्णय कोण घेतं? युबिसॉफ्ट या फ्रेंच पब्लिशरच्या पुण्यातल्या स्टुडिओकडे दिलेल्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या रिमेकचं जे झालं ते याच प्रकारात बसतं का? शेवटचा प्रश्न आपल्याकडच्या छोट्या टीम्ससाठी आहे: पब्लिशरच्या करारावर सही करण्याआधी काय बघावं?

हिशेबनीस

आधी पैशाची वाट समजून घ्या, बाकी सगळं त्यातून उलगडतं. पब्लिशर आणि स्टुडिओ यांचं नातं दोन प्रकारचं असतं. एकात स्टुडिओ स्वतंत्र असतो आणि पब्लिशर ॲडव्हान्स देतो. दुसऱ्यात स्टुडिओच पब्लिशरच्या मालकीचा असतो. दोन्हीकडे दाब वेगळ्या जागी पडतो.

स्वतंत्र स्टुडिओचं पाहू. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा ॲडव्हान्स 10 लाख डॉलर. गेमची छापील किंमत 20 डॉलर, पण सेल, देशोदेशीच्या कमी किमती, कर आणि रिफंड वजा जाता एका प्रतीमागे सरासरी 10 डॉलर हातात येतात. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचा वाटा 30 टक्के (विक्री 1 कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या विक्रीवर 25, आणि 5 कोटींच्या वर 20 टक्के). उरले 7 डॉलर. करारात स्टुडिओचा वाटा 40 टक्के, म्हणजे 2.80 डॉलर.

कळीचा मुद्दा एकच: ॲडव्हान्स कोणत्या पैशातून फेडायचा? एकूण जमेतून, म्हणजे 7 डॉलरमधून फेडायचा असेल तर साधारण 1 लाख 43 हजार प्रतींवर तो फिटतो आणि तिथून पुढे स्टुडिओला वाटा सुरू होतो. पण करारात 'स्टुडिओच्या वाट्यातून वसुली' असं लिहिलं असेल तर 2.80 ने भागा. आकडा जातो 3 लाख 57 हजार प्रतींवर. तोपर्यंत पब्लिशरच्या खात्यात 25 लाख डॉलर जमा झालेले असतात आणि स्टुडिओला रॉयल्टीचा एक डॉलरही मिळालेला नसतो. मार्केटिंगचा खर्चही वसुलीत धरायचा असेल आणि त्याला कमाल मर्यादा नसेल, तर ही रेषा विक्रीबरोबर पुढे पुढे सरकत राहते. गेम 'हिट' असूनही स्टुडिओ कंगाल, अशा बातम्या वाचता ना? अनेकदा त्यामागे हे एक वाक्य असतं.

गुणांवर बांधलेला बोनस हा याचाच भाऊ. 'फॉलआउट: न्यू वेगस' ऑब्सिडियनने बेथेस्डासाठी केला. रॉयल्टी नव्हती, ठरलेली रक्कम होती, आणि मेटाक्रिटिकवर (समीक्षकांच्या गुणांची सरासरी देणारी साइट) 85 गुण मिळाले तर बोनस. गुण पडले 84. हे ऑब्सिडियनच्या ख्रिस अव्हेलोन यांनीच 2012 मध्ये सांगितलं. ज्या समीक्षकांनी गुण दिले त्यांच्या हातात टीमचा बोनस आहे याची त्यांना कल्पनाही नसणार. बंजी हा स्टुडिओ आणि ॲक्टिव्हिजन हा पब्लिशर यांचा 'डेस्टिनी'चा करार 2012 मध्ये एका खटल्यात उघड झाला, त्यातही 90 गुणांना 25 लाख डॉलर अशी अट होती.

आता मालकीचा स्टुडिओ. इथे ॲडव्हान्स नाही, पगार वेळेवर होतात. पण तुलना बदलते. 'हा गेम फायद्यात आला का' हा प्रश्न मागे पडतो आणि 'हेच पैसे दुसरीकडे लावले असते तर किती आले असते' हा प्रश्न पुढे येतो. मार्च 2021 ला संपलेल्या वर्षात ईएला अल्टिमेट टीममधून (क्रीडा-गेममध्ये खेळाडूंची पाकिटं विकत घेऊन संघ बांधायचा प्रकार) 1.62 अब्ज डॉलर मिळाले, कंपनीच्या एकूण महसुलाच्या सुमारे 29 टक्के. फुटबॉलपटूंची पाकिटं विकायची, पुढच्या वर्षी नव्या गेममध्ये पुन्हा विकायची. दुसरीकडे एका मोठ्या आरपीजीला (पात्र होऊन कथा खेळायच्या गेमला) अडीचशे माणसं लागतात. उत्तर अमेरिकेत माणशी महिना 15 हजार डॉलर धरले तर वर्षाला 4.5 कोटी डॉलर, आणि अशी चार-पाच वर्षं. विक्री मात्र एकदाच. एकाच ताळेबंदात या दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या की आरपीजीवाल्यांना दर बैठकीत एकच सूचना मिळते: यात सतत पैसे देणारं काहीतरी घाला. त्यासाठी कुणी दुष्ट असावं लागत नाही.

तिसरी_पायरी

हिशेबनीस यांनी वाट दाखवली, मी बायोवेअरमध्ये ती कुठे कुठे उमटली ते सांगते.

आधी तारखा बघा. ईएचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच 31 मार्चला संपतं. 'ड्रॅगन एज 2' आला 8 मार्च 2011 ला. 'मास इफेक्ट 3' 6 मार्च 2012 ला. 'मास इफेक्ट: अँड्रोमिडा' 21 मार्च 2017 ला. 'अँथम' 22 फेब्रुवारी 2019 ला. आपल्याकडे बँकेत आणि सरकारी कचेरीत मार्चएंडला जी धांदल असते तीच इथे दिसते. गुंतवणूकदारांना वर्षाचा आकडा आधीच सांगितलेला असतो. गेम एप्रिलमध्ये गेला तर तो आकडा चुकतो आणि शेअर पडतो. म्हणून मार्चमधला गेम जूनमध्ये नेणं हा फक्त तीन महिन्यांच्या पगाराचा प्रश्न उरत नाही.

'ड्रॅगन एज 2' याचा सगळ्यात स्वच्छ नमुना. 'ओरिजिन्स' नोव्हेंबर 2009 मध्ये आला आणि हा सोळा महिन्यांनी. स्टार वॉर्सचा ऑनलाइन गेम पुढे ढकलला गेल्याने ईएच्या वेळापत्रकात भोक पडलं होतं आणि ते बुजवायला हा गेम झाला, हे 'ड्रॅगन एज'चे निर्माते मार्क डॅरा यांनी नंतर उघडपणे सांगितलं आहे. परिणाम पडद्यावर बघा: एकच गुहा पुन्हा पुन्हा येते. प्रत्येक वेळी वेगळी दारं दगडाने बंद केलेली, आत शिरायची जागा बदललेली, पण कोपऱ्यातलं नकाशाचं चित्र पूर्ण गुहेचंच. खेळणाऱ्याला 'आळशीपणा' वाटला. प्रत्यक्षात नवी गुहा मॉडेल करायची, प्रकाश द्यायचा, शत्रूंच्या वाटा आखायच्या, चाचणी घ्यायची, तर एका जागेला आठवडे जातात, आणि ते आठवडे वेळापत्रकात नव्हते. लेखन मात्र त्यात चांगलं आहे, कारण लेखन इतर खात्यांच्या आधी पुरं होऊ शकतं. घाईने केलेल्या आरपीजीत कथा बरी आणि जागा पोकळ असं का दिसतं, त्याचं कारण हे.

दुसरी पायरी इंजिनची, म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो त्या मूळ सॉफ्टवेअरची. फ्रॉस्टबाइट हे डाइस या स्वीडिश स्टुडिओने 'बॅटलफील्ड'साठी केलेलं इंजिन. एका हाताने बंदूक धरून पुढे बघणाऱ्या सैनिकासाठी ते उत्तम. आरपीजीला मात्र मागून दिसणारा नायक लागतो, पिशवीतल्या वस्तूंची यादी लागते, संभाषणाची फांद्या फुटणारी यंत्रणा लागते, कुठेही गेम सेव्ह करता यावा लागतो, सोबतीला तीन साथीदार लागतात. यातलं काही इंजिनमध्ये तयार नव्हतं. चार पायांचा प्राणी चालवायची सोयसुद्धा 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'साठी नव्याने करावी लागली, म्हणजे घोडा पळण्याआधी घोड्याचे पाय बांधायला प्रोग्रामर बसवा. त्यापूर्वी 'मास इफेक्ट' त्रयी अनरिअल इंजिन 3 वर झाली होती आणि त्या टीमच्या हातात वर्षानुवर्षं घासून तयार झालेली साधनं होती. ती सोडावी लागली.

कंपनीच्या नजरेतून एकच इंजिन सगळ्यांनी वापरणं रास्त आहे. बाहेरच्याला रॉयल्टी जात नाही, माणसं एका स्टुडिओतून दुसरीकडे हलवता येतात. पण इंजिन सांभाळणारी मध्यवर्ती टीम एकच असते. 'फिफा 17' पासून फुटबॉलही त्याच इंजिनवर आला. मग मदतीच्या रांगेत आधी कोण? जो सगळ्यात जास्त पैसा आणतो तो.

तिसरी पायरी सगळ्यात महाग: मधूनच दिशा बदलणं. 'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड' आधी एकट्याने खेळायचा गेम म्हणून सुरू झाला. 2017 मध्ये तो थांबवून सतत चालणारा ऑनलाइन गेम म्हणून नव्याने आखला गेला. मग बायोवेअरचाच ऑनलाइन गेम 'अँथम' कोसळला, ईएच्याच रिस्पॉन स्टुडिओचा एकट्याने खेळायचा 'जेडाय: फॉलन ऑर्डर' चालला, आणि 2021 च्या सुमारास पुन्हा एकट्याचा. बाहेर आला 31 ऑक्टोबर 2024 ला.

असा बदल म्हणजे मेनूतलं एक बटण काढणं नव्हे. चार जण मिळून खेळणार असतील तर गोष्टीला मोठी फांदी फोडता येत नाही, कारण माझ्या जगात गाव जळलं आणि तुमच्या जगात वाचलं तर आपण दोघं एकत्र कसे खेळणार? म्हणून निर्णय छोटे ठेवतात. जागा तुकड्यातुकड्यांच्या करतात, एकेक मोहीम वेगळी खेळता यावी म्हणून. संवाद हलकेफुलके ठेवतात, कारण तीच मोहीम माणूस दहा वेळा खेळणार असतो. नंतर ऑनलाइन काढलं तरी हा सांगाडा आत तसाच उरतो, आणि त्यावर गंभीर कथा चढवायची वेळ आली की सांधे दिसतात. 'व्हेलगार्ड'मध्ये निर्णयांना वजन नाही ही तक्रार ज्यांनी केली त्यांनी हा सांगाडाच ओळखला होता.

जानेवारी 2025 मध्ये ईएने जाहीर केलं की या गेमला 15 लाख खेळाडू मिळाले आणि ते अपेक्षेपेक्षा सुमारे 50 टक्क्यांनी कमी. त्याच घोषणेत फुटबॉलचा गेमही मागे पडल्याचं होतं. एका दिवसात शेअर सुमारे 17 टक्के खाली आला आणि काही दिवसांत बायोवेअरमधली माणसं इतरत्र हलवली गेली किंवा काढली गेली. ईएचे प्रमुख अँड्र्यू विल्सन यांनी नंतर गुंतवणूकदारांना सांगितलं की खेळाडूंना चांगल्या कथेबरोबर एकत्र खेळण्याचं जग हवं असतं. म्हणजे ज्या दिशाबदलाने गेम मोडला, त्याचीच उणीव राहिली असा निष्कर्ष. मला हे वाचून फार वाईट वाटलं, कारण चुकीचा धडा घेतला की पुढचा गेमही त्याच खड्ड्यात जातो.

दुसरी_बाजू

वरच्या बहुतेक गोष्टींशी सहमत, पण बायोवेअरला निव्वळ बळी ठरवू नका. तसं केलं तर कारणमीमांसा अर्धवट राहते.

'अँथम'ला जवळजवळ सात वर्षं मिळाली. घाई करणारा पब्लिशर सात वर्षं देत नाही. कोटाकू या गेमविषयक साइटने एप्रिल 2019 मध्ये आतल्या लोकांशी बोलून जे छापलं त्यानुसार खरं उत्पादन शेवटच्या दीडेक वर्षात झालं. त्याआधी उडायचं की नाही हेसुद्धा ठरत नव्हतं: उडणं घालायचं, काढायचं, पुन्हा घालायचं. ईएचे पॅट्रिक सॉडरलंड यांनी डेमो पाहून नापसंती दाखवली, त्यानंतर टीमने उडणं परत आणलं आणि ते त्यांना आवडलं. पुढे त्या गेममध्ये सगळ्यांनी कौतुक केलं ते उडण्याचंच. म्हणजे इथे पब्लिशरच्या माणसाने निर्णय घ्यायला भाग पाडलं म्हणून गेममधली सर्वोत्तम गोष्ट टिकली.

फ्रॉस्टबाइटचंही तसंच. ते वापरायचा निर्णय बायोवेअरचाच होता, असं बायोवेअरचे तेव्हाचे प्रमुख आरिन फ्लिन यांनी सांगितलं आहे. अंतर्गत दबाव होता का, नव्हता का, यावर वाद घालता येईल, पण सही त्यांची होती. स्टुडिओत एक समजूत होती की शेवटच्या काही महिन्यांत जीव तोडून काम केलं की सगळं जुळून येतं. जुन्या गेम्सना ते जुळून आलं होतं. शेकडो माणसांच्या, ऑनलाइन चालणाऱ्या गेमला ते जुळून येत नाही, कारण सर्व्हरचा ताण, लूटचं (खेळताना मिळणाऱ्या बक्षिसांचं) गणित, लोडिंग या गोष्टी शेवटच्या महिन्यात दुरुस्त होत नाहीत. त्यांना महिनोन् महिने खेळून बघावं लागतं.

मालकाशिवायचे स्टुडिओही बंद पडतात. फरक इतकाच की त्याची बातमी होत नाही. माझा मुद्दा असा: पब्लिशरचा नफा हे कारण तेव्हाच समजतं, जेव्हा स्टुडिओच्या चुका वेगळ्या काढून बाजूला ठेवता येतात. त्यासाठी 'हाय-फाय रश' बघा. मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या टँगो गेमवर्क्स या टोकियोतल्या स्टुडिओने जानेवारी 2023 मध्ये काढला, खेळाडूंनी उचलून धरला, समीक्षकांनी वाखाणला, तांत्रिक बिघाड नव्हता, वेळापत्रक मोडलं नव्हतं. स्टुडिओची एकही मोठी चूक दाखवता येत नाही. तरी 7 मे 2024 ला मायक्रोसॉफ्टने हा स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. इथे कारण शोधायला स्टुडिओच्या बाहेरच जावं लागतं.

हिशेबनीस

दुसरी_बाजू, मान्य. आणि टँगोचं कारण बाहेर सापडतंही.

मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड या बड्या पब्लिशरला 68.7 अब्ज डॉलर मोजून ऑक्टोबर 2023 मध्ये ताब्यात घेतलं. इतका पैसा गुंतल्यावर एक्सबॉक्सकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागाकडे, मुख्य कंपनीचं लक्ष वळणारच. ब्लूमबर्गने ऑक्टोबर 2025 मध्ये छापलं की त्या सुमारास एक्सबॉक्सला 30 टक्के नफ्याचं लक्ष्य दिलं गेलं, आणि या उद्योगाची सरासरी साधारण 17 ते 22 टक्के आहे. आता टँगोचा गेम पहिल्या दिवसापासून गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या मासिक वर्गणीत होता. वर्गणीत दिलेल्या गेमची विक्री कमी होते, आणि वर्गणीतला किती पैसा त्या गेमच्या नावे मांडायचा हे कंपनी आतल्या आत ठरवते. टोकियोतल्या टीमचा पुढचा गेम अजून कच्च्या अवस्थेत, म्हणजे पुढची तीन-चार वर्षं फक्त खर्च. 30 टक्क्यांच्या चाळणीत असा स्टुडिओ टिकत नाही, मग मागचा गेम कितीही चांगला असो. खेळाडू मागच्या गेमवरून स्टुडिओ जोखतात, वित्त विभाग पुढच्या तीन वर्षांच्या खर्चावरून. बंद होण्याची बातमी आपल्याला दर वेळी अचानक वाटते ती या फरकामुळे.

आणखी एक हिशेबी बारकावा. स्टुडिओ बंद करण्याचा खर्च, नुकसानभरपाई वगैरे, 'पुनर्रचना' या एकवेळच्या सदरात टाकतात आणि गुंतवणूकदारांना दाखवायच्या सुधारित नफ्यातून तो वगळतात. पगार वाचतात ते मात्र दर तिमाहीत दिसतात. कागदावर बंद करणं स्वस्त आणि सांभाळणं महाग दिसतं.

टँगोला पुढे क्राफ्टन या कोरियन पब्लिशरने 'हाय-फाय रश'च्या हक्कांसह घेतलं, ऑगस्ट 2024 मध्ये. पण म्हणून क्राफ्टनला देवमाणूस समजू नका. त्याच क्राफ्टनने 'सबनॉटिका'वाल्या अननोन वर्ल्ड्सला 2021 मध्ये 50 कोटी डॉलरला घेतलं होतं, वर 2025 अखेरपर्यंतची लक्ष्यं गाठली तर आणखी 25 कोटींपर्यंत द्यायचं ठरलं होतं. जुलै 2025 मध्ये तिथल्या तिघा वरिष्ठांना काढलं आणि 'सबनॉटिका 2' 2026 वर गेला. प्रकरण डेलावेअरच्या न्यायालयात गेलं. कोण बरोबर हे बाजूला ठेवा. रचना बघा: तारखेवर बांधलेला मोठा बोनस आणि तारीख ठरवण्याचा अधिकार समोरच्याच्या हाती, असा करार केला की भांडण त्यातच पेरलेलं असतं.

भिडे_पुलाजवळ

पुण्याच्या प्रश्नाला उत्तर देतो.

युबिसॉफ्टने पुण्यातला स्टुडिओ 2008 मध्ये गेमलॉफ्टकडून घेतला. मुंबईचा 2018 मध्ये सुरू झाला. पुण्याचं काम मुख्यतः इतर स्टुडिओंना साथ देण्याचं, गेम दुसऱ्या कन्सोलवर नेण्याचं, 'जस्ट डान्स'सारख्या मालिकांचं. त्यात तो तरबेज होता. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक मात्र पुणे आणि मुंबई यांच्या नेतृत्वाखाली होणार असं सप्टेंबर 2020 मध्ये जाहीर झालं. तारीख होती 21 जानेवारी 2021, म्हणजे घोषणेनंतर साडेचार महिन्यांच्याही आत. ट्रेलरमधल्या चेहऱ्यांवर आणि प्रकाशयोजनेवर सडकून टीका झाली. तारीख 18 मार्चवर गेली, फेब्रुवारीत बेमुदत झाली, मे 2022 मध्ये काम माँट्रियलला गेलं. जानेवारी 2026 मध्ये युबिसॉफ्टने एकदम सहा गेम रद्द केले, त्यात हाही.

हे बायोवेअरच्या प्रकारात बसतं का? अर्धं बसतं. रिमेक हे ऐकायला सोपं काम आहे: कथा तयार, जागा तयार, फक्त नवा साज. पण 2003 चा मूळ गेम दुसऱ्या इंजिनवर होता आणि रिमेक युबिसॉफ्टच्या अँव्हिल या इंजिनवर. भिंतीवरून धावणं, खांबाला लटकणं, वेळ मागे फिरवणं या हालचालींचं मोजमाप तेव्हाच्या पातळ्यांशी जुळवलेलं होतं. नायकाची उडी थोडी लांब झाली तरी खोलीतल्या सगळ्या कड्यांची अंतरं चुकतात. वेळ मागे फिरवायची तर प्रत्येक शत्रूची, तुटलेल्या प्रत्येक खांबाची स्थिती साठवून ठेवावी लागते. पहिल्यांदा नेतृत्व करणाऱ्या टीमला असं काम द्यायचं तर हालचाली पक्क्या होईपर्यंत बाहेर काही दाखवू नये. दाखवलं, तेही तारखेसकट. टीका अंगावर घेतली पुण्या-मुंबईच्या टीमने. घोषणा कधी करायची, बजेट किती, तारीख कोणती हे मात्र पब्लिशरच्या हातात असतं. तेव्हा आपल्याच लोकांनी 'भारतात एवढंच जमतं' असं लिहिलं होतं, ते मला आजही सलतं. माँट्रियलकडे जाऊनही तो गेम जवळजवळ चार वर्षांत बाहेर आला नाही, हे त्या लोकांनी लक्षात घ्यावं.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी उरल्या. ईए आता 55 अब्ज डॉलरना खाजगी हातात देण्याचा सौदा झाला आहे. शेअर बाजाराचा दबाव गेला की मार्चएंडही जाईल, असं काही जण म्हणतात. आणि कराराचा प्रश्न राहिला.

हिशेबनीस

मार्चएंड जाईल, हप्ता येईल. 29 सप्टेंबर 2025 ला जाहीर झालेल्या या सौद्यात सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी पीआयएफ, आणि सिल्व्हर लेक व ॲफिनिटी पार्टनर्स या गुंतवणूक कंपन्या आहेत, आणि 55 पैकी 20 अब्ज कर्जाचे आहेत. अशा सौद्यात कर्ज विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर बसतं. व्याज 7 ते 8 टक्के धरलं तर वर्षाला 1.4 ते 1.6 अब्ज डॉलर. मार्च 2025 ला संपलेल्या वर्षात ईएच्या कामकाजातून आलेली रोकड होती सुमारे 2.08 अब्ज. करातली सवलत धरूनही, ज्या पैशातून एखादा पाच वर्षांचा आरपीजी उभा राहतो तो पैसा आधी व्याजाला जाणार. कर्जाच्या अटींमध्ये अनेकदा नफ्याच्या पटीत कर्जाची मर्यादा असते, त्यामुळे एखादं वर्ष नुकसानीत काढण्याची मोकळीक शेअर बाजारात असताना होती त्याहून कमी होऊ शकते.

एम्ब्रेसर या स्वीडिश कंपनीचं उदाहरण ताजं आहे. स्वस्त पैशाच्या काळात त्यांनी डझनांनी स्टुडिओ घेतले. मे 2023 मध्ये 2 अब्ज डॉलरचा एक सौदा फिसकटला आणि कर्ज कमी करायची धावाधाव सुरू झाली. 1993 पासून चालत आलेला व्होलिशन हा त्यांचा स्टुडिओ ऑगस्ट 2023 मध्ये बंद. 'टाइमस्प्लिटर्स'साठी नव्याने उभा केलेला फ्री रॅडिकल त्याच डिसेंबरमध्ये बंद, एकही गेम बाहेर न काढता. त्या टीमला स्वतःला सिद्ध करायची संधीच मिळाली नाही.

तिसरी_पायरी

कराराचं मी सांगते. हे वकिलाला पर्याय नाही, पण वकिलाकडे जाताना काय विचारायचं ते कळेल.

पहिलं, वसुली कोणत्या पैशातून, ते हिशेबनीस यांनी सांगितलंच. 'एकूण जमेतून' असं लिहून घ्या, आणि मार्केटिंगच्या वसुलीला आकड्यात कमाल मर्यादा घाला. 'वाजवी खर्च' या शब्दांवर सही करू नका.

दुसरं, टप्पे. ॲडव्हान्स टप्प्याटप्प्याने येतो: नमुना-पातळी, अल्फा आणि बीटा (अपुऱ्या, चाचणीच्या आवृत्त्या), अंतिम प्रत. प्रत्येक टप्पा मंजूर झाल्यावरच पैसे. मंजुरीला किती दिवस, आणि त्या दिवसांत उत्तर आलं नाही तर काय? '15 दिवसांत लेखी हरकत नाही आली तर टप्पा मंजूर समजावा' हे वाक्य हवंच. समजा पंधरा जणांची टीम, जागा-वीज-संगणक धरून माणशी महिना 1.2 लाख रुपये. महिन्याला 18 लाख. मंजुरी 45 दिवस अडकली तर 27 लाख खिशातून. अनेक छोट्या टीम्स गेम वाईट होता म्हणून बुडत नाहीत, अशा 27 लाखांपायी बुडतात. बँकेत किमान तीन महिन्यांचा खर्च ठेवल्याशिवाय टप्प्यांच्या करारात शिरू नका. टप्प्याची व्याख्या मोजता येईल अशी हवी. 'लढाई मजेदार वाटली पाहिजे' असं लिहिलं तर मंजुरी समोरच्याच्या मूडवर जाते. 'तीन शत्रू, दोन शस्त्रं, एक पूर्ण पातळी, ठरलेल्या मशीनवर सेकंदाला 60 फ्रेम' असं लिहा.

तिसरं, बदलाचा खर्च. मधूनच दिशा बदलायला सांगितलं तर तारीख आणि पैसा दोन्ही आपोआप पुढे सरकले पाहिजेत. 'व्हेलगार्ड'चं वाचलंत ना? तिथे मालकीचा स्टुडिओ होता म्हणून पगार चालू राहिले. स्वतंत्र टीमला तो आधार नसतो.

चौथं, गेमचे हक्क कोणाकडे राहणार. सीक्वेल, सीरिज, दुसऱ्या कन्सोलवरच्या आवृत्त्या, हे सगळं त्यात येतं. हक्क द्यायचेच झाले तर परतीचं कलम घाला: ठरावीक वर्षांत काही काढलं नाही, किंवा पब्लिशर विकला गेला, किंवा दिवाळखोरीत गेला, तर हक्क परत. टँगो वाचला तो हक्कांसकट विकला गेला म्हणून. हक्क तिसऱ्याकडे अडकले असते तर टीम मिळूनही 'हाय-फाय रश' मिळाला नसता.

पाचवं, एका गेमचा तोटा दुसऱ्या गेमच्या कमाईतून वळता करणारं कलम दोन गेमच्या करारात बऱ्याचदा असतं, ते खोडा. आणि हिशेब तपासायचा हक्क वर्षातून एकदा तरी हवा. तफावत 5 टक्क्यांहून जास्त निघाली तर तपासणीचा खर्च पब्लिशरचा, असंही लिहून घेता येतं.

दुसरी_बाजू

खेळणाऱ्यांसाठी एक भर. आवडत्या स्टुडिओचा नवा गेम आगाऊ पैसे देऊन घ्यायच्या आधी मोबीगेम्स या साइटवर मागच्या गेमची श्रेयनामावली (कोणी काय काम केलं त्याची यादी) काढा आणि डिझाइन, लेखन, कला व प्रोग्रामिंगचे प्रमुख कोण ते बघा. मग त्यांतले किती जण अजून तिथे आहेत ते त्यांच्या जाहीर मुलाखती आणि नव्या गेमच्या सादरीकरणांवरून शोधा. अर्केन ऑस्टिन या स्टुडिओमध्ये 2017 च्या 'प्रे'वर काम केलेल्यांपैकी सुमारे 70 टक्के लोक 'रेडफॉल' पूर्ण होईपर्यंत निघून गेले होते, असं ब्लूमबर्गने छापलं आहे. दारावरची पाटी तीच होती. 2 मे 2023 ला ज्यांनी 'प्रे'वाल्यांचा गेम म्हणून 'रेडफॉल' घेतला, त्यांच्या हातात वेगळ्याच टीमचं काम पडलं.